अस्वलिणीची पाठ

एका जंगलात एक अस्वलीण राहत असे आणि तिच्या पाठीवर तिचे पिल्लू राहत असे. खोटे वाटते ना, मुलांनो? पण अस्वलाची रीतच तशी आहे. आईच्या पाठीवरचे दाट केस मुठीत धरून पिल्लू बसते आणि आई वारुळे उकरत रानभर हिंडते. तरस कितीही टपलेले असले, तरी आईच्या पाठीवरच्या पिल्लाला हात लावायची त्याची छाती होत नाही.

एकदा ही अस्वलीण उंबराची फळे काढायला मागच्या दोन पायांवर उभी राहिली आणि ते सिंहाने पाहिले. झाले! आपल्या गुहेला असाच ताठ दारवान हवा, असे त्याने फर्मावले. राजाला नाही कोण म्हणणार? दुसऱ्या दिवसापासून ती बिचारी सकाळपासून दिवस कलेपर्यंत गुहेच्या तोंडाशी दोन पायांवर उभी, आणि पिल्लू शेजारच्या झुडपात. सिंह स्वतः आत लोळत पडलेला असे, हे सांगायला नकोच. देवाने चार पायांवर चालायला धाडलेल्या जनावराला दिवसभर दोन पायांवर उभे करायचे आणि वर त्याला राज्याची शोभा म्हणायचे! व्हायचे तेच झाले. तिच्या कंबरेत उसण भरली. पिल्लू पाठीवर चढले की तिच्या डोळ्यांत पाणी येई.

ती राजवैद्य कोल्ह्याकडे गेली. दिवसभर तू काय करतेस, एवढेही त्याने विचारले नाही. विचारले असते तर दोष सिंहाकडे गेला असता ना! त्याने तिच्यापुढे एक कडू पाला टाकला. "रोज सकाळी चाव आणि खुशाल उभी राहा," तो म्हणाला. पाला खाल्ला की कंबर बधिर होई. सिंह खूश, कोल्हा खूश. अस्वलिणीलाही वाटले, आपण बऱ्या झालो.

एका संध्याकाळी पिल्लाला पाठीवर घेऊन ती ओढ्याकाठच्या उतारावरून घरी निघाली होती. पुढे झाडावरून एका वानरिणीने हाक मारली, "अगं, तुझं पोर कुठाय?" अस्वलिणीने मान वळवली. पाठ रिकामी होती. पिल्लू कधी घसरले ते त्या बधिर पाठीला कळलेच नव्हते, आणि ओढ्याच्या खळखळाटात त्याचे ओरडणेही विरून गेले होते. ती आल्या वाटेने धावत सुटली. करवंदीच्या जाळीत पिल्लू अंग चोरून बसले होते आणि तरस जाळीभोवती घिरट्या घालत होते. तिला पाहताच तरसाने धूम ठोकली. पिल्लू वाचले, पण आणखी थोडा उशीर झाला असता तर? त्या दुःखावरही कोल्ह्याने एखादा पाला दिलाच असता म्हणा.

अस्वलिणीने पाला कायमचा थुंकला. मग दुखणे व्याजासकट परत आले. पहिल्यांदा ती नुसती पडून राहिली, तर अंग आणखीच आखडले. म्हणून तिने उन्हाने तापलेल्या कातळावर कंबर शेकली, अंग हळूच ताणले आणि चारही पायांवर सावकाश चालायला लागली. झेपेल तेवढे चालायचे, मग टेकायचे, मग पुन्हा उठायचे. ठणका एका दिवसात गेला नाही, पण उतरत गेला.

ती चाकरीवर येईना, म्हणून सिंहाने बोलावणे धाडले. पिल्लाला पाठीवर घेऊन ती चार पायांवर आत गेली. सिंहाशेजारी बसलेला कोल्हा भडकला. वैद्याचा पाला टाकून ही दगडावर लोळते, हा दरबाराचा अपमान आहे, असे तो म्हणाला.

अस्वलिणीचा संताप आता आवरेना. "मला रोग नव्हता. मला उभं केलं होतं. ते तुला रोज दिसत होतं, तरी तू मला पाला चारलास."

प्रकरण अंगाशी येते आहे, हे सिंहाने ओळखले. तो एकदम गोड झाला. तिच्या इमानी चाकरीचे कौतुक करत त्याने पाठ थोपटायला पंजा उचलला. अस्वलीण बाजूला सरकली.

"महाराज, ही पाठ थोपटायला नाही. हिच्यावर माझं पोर बसतं."

एवढे बोलून ती चालू लागली. तिला अडवा, अशी सिंहाने गर्जना केली. पण दाराशी अडवायला कोणीच नव्हते.

तात्पर्य : का दुखते, हे न विचारता जो नुसते बधिर करतो, तो दुखणाऱ्याचा वैद्य नसून दुखवणाऱ्याचा चाकर असतो.