किस्सा कोणाचा

“जी काही सांगतच नाही, तिला पाहुणी म्हणून बोलावून मी करू काय, भंतेजी?”

उत्पला विहाराच्या पायरीवर बसली होती. गळ्यात हेडफोन, मांडीवर मोबाईल, पिशवीत माईक. समोर भंते सुमंगल उसवलेलं चीवर टाचत होते.

“कोण सांगत नाही?”

“काझी मॅडम. पंचवीस-तीस वर्षं कारखान्यात एचआर सांभाळलंय. किती माणसं घेतली, किती काढली. आणि तोंडाला कुलूप!”

भंतेंनी टाका घातला. “आणि दुसरं कोण?”

“सरदेशपांडे सर. तेही एचआरवालेच. काय बोलतात, अहो! ऐकाच.”

कारखान्यांच्या त्या पट्ट्यात ‘कामाचं बोला’ हा उत्पलाचा पॉडकास्ट पोराटोरांच्या कानात असायचा. पाहुणा निवडण्यात आपला हात कोणी धरू शकत नाही, असं तिचं ठाम मत. दोन मिनिटं फोनवर बोललं की माणूस कळतो, हे ती चारचौघांत सांगायची. उद्याचा भाग नोकरी गेलेल्यांसाठी होता. एका कंपनीनं अख्खी लाइन बंद केली होती, आणि वस्तीतली बरीच पोरं घरी बसली होती. त्यांच्याशी बोलायला एचआरमधलं जाणकार माणूस हवं होतं. एकच.

तिनं बटण दाबलं. सरदेशपांडेंचा आवाज पायऱ्यांवर घुमला.

“...पोरगा आला मुलाखतीला. वडिलांची नाक्यावर रसवंती. मी विचारलं, तुझी कमजोरी काय? तर रडायलाच लागला हो! रडता रडता माझ्याच ग्लासातलं पाणी पिऊन टाकलं. मी म्हटलं, बाळा, ही दुसरी कमजोरी!”

भंते हसले. मनापासून, खांदे हलवून.

उत्पला खूश. “बघा! याची रील काय पळेल!”

“नाक्यावरची म्हणजे ती निळ्या छपराची का गं?”

“तीच असणार. का?”

“मालक चांगला आहे. आलं जरा जास्त घालतो.”

उत्पला थबकली. “पण सरांनी नाव कुठे घेतलंय?”

“नाहीच घेतलं.”

आणखी एक टाका पडला...

“आणि काझीबाई काय म्हणाल्या?”

“मी म्हटलं, कामावरून काढलेल्या एखाद्याचा किस्सा सांगा ना. तर म्हणे, ‘तो किस्सा त्याचा आहे बेटा, माझा नाही. दुसरं विचार.’ दुसरं विचारलं तर म्हणाल्या, ‘ज्यांची नोकरी गेलीय त्यांना विचारू दे. तुझ्या प्रश्नांना मी पाठ केलेली उत्तरं देईन.’ आता बोला! कार्यक्रम माझा आणि प्रश्न दुसऱ्याचे!”

भंतेंनी सुईत नवा दोरा ओवला.

“सांगा ना भंतेजी. सरांना आज कळवायचंय.”

“एवढी तळमळ कोणासाठी चाललीय?”

तिनं आजूबाजूला पाहिलं. कोणी नव्हतं. तरी तिचा आवाज खाली आला.

“नागसेनसाठी.”

नागसेन तिचा धाकटा भाऊ.

“त्याचीही गेली. आईला माहीत नाही. रोज कंपनीचा शर्ट घालतो, डबा घेतो, निघतो. एसटी डेपोत बसून राहतो. मी परवा पाहिलं त्याला लांबून... गेले नाही जवळ. माझा पॉडकास्ट मात्र ऐकतो तो. उद्याचाही ऐकेल. त्यातून त्याला काहीतरी मिळालं पाहिजे, भंतेजी.”

“हं...”

तेवढ्यात फाटक करकरलं. कांताबाई आल्या, उत्पलाच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या. ओंजळीत फुलं.

“वंदामि भंतेजी! आणि तू गं इथं काय करतेस? तुझी आई सांगत होती, नागसेनला ओव्हरटाइम फार पडतोय म्हणे?”

“हो ना काकू,” उत्पला म्हणाली. “फारच.”

“बसा कांताबाई,” भंते म्हणाले. “एक गंमत सांगतो.”

“सांगा की!” कांताबाईंनी पदर खोचून बैठक मारली.

“आपल्याच वस्तीतला एक पोरगा. नाव घेत नाही. रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट, हातात डबा. आईला वाटतं, गेला साहेब कामाला...”

उत्पलाच्या कानात कोणीतरी सुई टोचल्यासारखं झालं. शब्द भंतेंचे होते, पण लकब हुबेहूब सरदेशपांडेंची.

“आणि हा बसतो कुठं जाऊन? तर...”

“भंतेजी!”

ती ताडकन उठली. मोबाईल पायरी पायरी करत थेट खाली गेला. चीवराचं टोक धरायला तिचा हात पुढे झाला, आणि बाईनं भंतेंना स्पर्श करायचा नसतो हे आठवून तसाच हवेत राहिला.

भंतेंनी शांतपणे वर पाहिलं.

“काय झालं? नाव कुठे घेतलं मी?”

“पुढं?” कांताबाई.

“विसरलो.”

“असं कसं विसरलात! अर्धी गंमत सांगून कोणी सोडतं का? आता मला झोप लागायची नाही.”

“लागेल. फुलं ठेवून या आधी, कोमेजतील.”

कांताबाई पुटपुटत आत गेल्या.

उत्पलानं मोबाईल उचलून आणला. या वेळी ती एक पायरी खाली बसली. निळ्या छपराची रसवंती तिच्या डोळ्यांपुढून हलेना. तिथला पोरगा तिनं कधी पाहिला नव्हता. पण नोकरी शोधणारा पोरगा तो, ‘कामाचं बोला’ तोही ऐकत असेल...

मग तिनं नंबर लावला.

“काझी मॅडम, उत्पला बोलतेय. उद्या याल?... नाही, नाही. किस्सा नाही विचारणार.”

फोन ठेवला तेव्हा तिची मान पुन्हा ताठ झाली होती.

“येतायत! बघा भंतेजी, माझा कान चुकत नाही. जरा उशीर लागला, एवढंच. आता घरी जाते आणि प्रश्न काढायला बसते. असे एकेक झकास प्रश्न, की मॅडमना पाठ केलेलं काही आठवायचंच नाही.”

भंतेंनी दोरा दातानं तोडला. सावली पायऱ्यांवरून खाली उतरली होती.

“डबा खाल्ला असेल का गं त्यानं?”

उत्पला उठली. पिशवी खांद्याला लावली आणि फाटकाकडे वळली. घर डावीकडे होतं, डेपो उजवीकडे. ती उजवीकडे वळणार, तोच मागून हाक आली.

भंते हात पुढे करून उभे होते.

“माईक इथं ठेवून जा.”