ठकूबाईची माती

आपल्या पणजीनंही हे डोळ्यांनी पाहिलेलं नाही, तिनंही नुसतं ऐकलंच होतं, इतक्या वर्षांपूर्वीची ही गोष्ट. शेवरखेड्यात सटवाजी नावाचा कुंभार राहायचा आणि त्याला ठकू नावाची एकुलती लेक होती. सटवाजी चाकावर बसायचा आणि ठकू पायांनी माती तुडवायची. पण नुसती तुडवेल तर ती ठकू कसली! टाच रोवायची, पाय फिरवायचा आणि बघता बघता चिखलात ठेका धरायचा. ती माती तुडवायला लागली की दावणीची गाढवंसुद्धा चरायचं सोडून ऐकत राहायची, असं म्हणतात.

एकदा या नाचण्याच्या नादात मातीतले खडे वेचायचे राहिले. भट्टी पेटली आणि आतली मडकी फटाफट फुटली. सटवाजीचं डोकं फिरलं. तो ओरडला, "जा! पुन्हा माझ्या मातीला येऊ नगंस!"

आता कुंभाराच्या तोंडी माती म्हणजे चिखल, दुसरं काय असणार? पण आपल्याकडे मातीला जाणं म्हणजे मयताला जाणं. ठकूनं ते तसंच ऐकलं. मेल्यावरसुद्धा तोंड दाखवू नकोस म्हणाला बाप! ते तिच्या काळजाला इतकं लागलं, की जत्रेला आलेला तमाशाचा फड उठला तेव्हा ती त्यांच्या गाडीत जाऊन बसली. सटवाजीला वाटलं, पोरीला आपल्या चिखलाची लाज वाटली. दोघंही एकापेक्षा एक हट्टी, विचारायला जातंय कोण!

फडात ठकूचं मोठं नाव झालं. लोक विचारायचे, "ठकूबाई, गुरू कोण तुमचा?"

"आमच्या बाचं चाक," ती सांगायची.

आणि ते खरंच होतं. गिरकी घेताना ती चाकासारखी जागच्या जागी फिरायची. ओल्या मातीतून घागरीचा गळा वर यावा तसा तिचा हात हळूहळू वर यायचा. ठेका तर चिखलातलाच होता. ती नाचायची तिथल्या कोरड्या फुफाट्यालाही ओल्या मातीचा वास सुटायचा, असं म्हणतात. मात्र शेवरखेड्याच्या बाजूची सुपारी आली की ती परत पाठवायची.

इकडे सटवाजी थकला. त्याचे गुडघे गेले. दुसऱ्यांनी तुडवलेल्या मातीची मडकी पाझरू लागली. शेवटी हट्ट गिळून त्यानं एका मेंढपाळाला सांगितलं, "माझ्या ठकूला म्हनावं, मातीला ये." मेंढपाळानं ते बांगड्या विकणाऱ्या कासाराला सांगितलं, आणि कासार फडावर पोचला तेव्हा निरोपाचं एवढंच उरलं होतं, "बाई, शेवरखेड्याला सटवाजीच्या मातीला या." सांगताना तो भला माणूस रडलासुद्धा.

ठकूनं नुकतेच पायांत चाळ बांधले होते, समोर माणसं खोळंबली होती. ती तशीच निघाली. वाटेत नदी आडवी आली, तर तळाचा गाळ तिच्या पायांखाली फरशीसारखा घट्ट झाला, असं म्हणतात. पण गावच्या वेशीशी आल्यावर मात्र तिचे पाय अडले. बापाचा शब्द मोडायचा कसा, आणि त्याला न बघता माघारी फिरायचं तरी कसं? ती वेशीबाहेर धुळीत बसली आणि तिनं गळा काढला.

तेवढ्यात वेशीतून काठी टेकत सटवाजी आला. कोपरापर्यंत हात चिखलानं माखलेले. ठकू किंचाळलीच.

"बा! तू मेला न्हाईस?"

"मरू व्हय गं भवाने? मी तिकडं वाट बघत बसलोय, आन् तू हितं कुनाला रडतीयास?"

"तूच म्हनला हुतास, माझ्या मातीला येऊ नगंस म्हनून."

 सटवाजीनं चिखलाचा हात कपाळावर मारून घेतला. "आगं येडे, मी चिखलाचं म्हनलो हुतो गं!"

दोघंही आधी रडली की आधी हसली, याबद्दल गावात अजून वाद आहे. मग सटवाजी म्हणाला, "चल, माती भिजलीया."

त्या संध्याकाळी ठकूनं चाळ न सोडता माती तुडवली. तिच्या घागरींवर टिचकी मारली की आतून चाळ वाजायचे, असं म्हणतात. पुढं ती फडात नाचत राहिली, पण भट्टी लावायच्या आधी न चुकता घरी यायची. सटवाजी खरोखर गेला तेव्हा मातीची पहिली मूठ तिनंच लोटली.

आजही शेवरखेड्यात मयताला जाताना "मातीला चाललो" असं कुणी म्हणत नाही, "पोचवायला चाललो" म्हणतात. बेंदराच्या सणाच्या आदल्या दिवशी पूजेचे बैल घडवायला माती भिजते आणि माहेरी आलेल्या लेकी पायांत चाळ बांधून ती तुडवतात. आणि घरच्यांशी भांडून गेलेली एखादी लेक वेशीपर्यंत येऊन थांबलीच, तर गावातलं जे कुणी बघेल ते बाहेर जातं. का आलीस, इतके दिवस कुठं होतीस, काही विचारत नाही. तिच्या हातातलं गाठोडं घेतं आणि म्हणतं, "चल बाई, माती भिजलीया."