चिरूचा दाणा आणि चौकातला खड्डा

मंगळवार. दुपारचे चार. वेळूगाव, चिंचेचा चौक. मुक्ताच्या घराची खिडकी उघडी.

खिडकीच्या आत मुक्ता. तिच्या मुठीत शेंगदाणे.
खिडकीच्या बाहेर चिरू खार. इवलीशी. पाठीवर पट्टे, झुबकेदार शेपूट.

रोज चार वाजता काय होतं?
आजोबा फोन लावतात. फोनमध्ये आई दिसते. मुक्ताची आई लांबच्या शहरात नर्स आहे. मुक्ता मूठ उघडून आईला दाणे दाखवते. आई म्हणते, "एक तिला, एक तुला."
मग एक दाणा चिरूला, एक दाणा मुक्ताला. कुडुम कुडुम.

आज चार वाजले. आई दिसेना. मुक्ताची मूठ उघडेना.

चिरू म्हणाली, "मुक्ता मुक्ता, दाणा दे ना."
मुक्ता म्हणाली, "आई दे म्हणाली की देते."
आजोबा म्हणाले, अंधार पडला की आई कामावर जाईल. मग आज दिसायची नाही.

चिरू गेली फोनकडे. टुणुक टुणुक.
"फोना फोना, आई दाखव ना.
मुक्ता दाणा देईना.
मग मी खाऊ काय? चिक चिक चिक."

फोन म्हणाला, "आई काय माझ्या पोटात राहते? आई राहते लांब. तिच्या चित्राचे होतात बारीक बारीक तुकडे. तुकडे येतात पळत. मी ते जोडतो. आज तुकडेच आले नाहीत. डबी देईल, तर मी दाखवीन."

डबी होती भिंतीवर, इंटरनेटची. तिला लाल दिवा. लुक लुक, लुक लुक.
चिरू गेली डबीकडे. टुणुक टुणुक.
"डबी डबी, तुकडे दे ना.
फोन आई दाखवीना,
मुक्ता दाणा देईना.
मग मी खाऊ काय? चिक चिक चिक."

डबी म्हणाली, "माझ्याकडे बघतेस काय? मी फक्त वाटते. आणते ती तार. तार उजेड आणील, तर मी तुकडे देईन."

तार गेली होती खिडकीतून खांबावर. चिरू तिच्यावरून रोज पळायची. आजही पळाली. सर्र सर्र सर्र.
खांबावरून तार उतरली खाली. खाली चौक. चौकात खड्डा. केवढा मोठा खड्डा. काल तर नव्हता.
खड्ड्याच्या काठाशी तार तुटलेली. एक सुटा तुकडा काठावर, बाकीची तार पाण्यात.

"तारे तारे, उजेड आण ना.
डबी तुकडे देईना,
फोन आई दाखवीना,
मुक्ता दाणा देईना.
मग मी खाऊ काय? चिक चिक चिक."

तार म्हणाली, "माझ्या पोटात आहे काच. केसाएवढी बारीक. काचेतून पळतो उजेड, उजेडातून येते आई. पण मीच तुटले, तर उजेड पळेल कुठून? बाबूमामा जोडील, तर मी आणीन."

बाबूमामा म्हणजे तार जोडणारे मामा. ते खड्ड्याच्या काठावर बसले होते. पिशवी मांडीवर, हात गालावर.
चिरू गेली मामांकडे. टुणुक टुणुक.
"मामा मामा, तार जोडा ना.
तार उजेड आणीना,
डबी तुकडे देईना,
फोन आई दाखवीना,
मुक्ता दाणा देईना.
मग मी खाऊ काय? चिक चिक चिक."

मामा म्हणाले, "जोडतो की गं. पण खड्ड्यात पाणी बघ. सकाळी नळाला पाणी आलं, ते फुटक्या पाइपातून इथं भरलं. आता मी बुडी मारू? शेवंताकाकूंकडे पंप आहे. मागितला, तर दिला नाही. म्हणाल्या, आधी त्या खारीला पाठव."

चिरूची शेपूट फुलली. खारीला का?

काकूंचं घर मागच्या आळीत. गच्चीवर खाट, खाटेवर कुरडया वाळत. काकू कुरडया विकतात, फोनवरून. शहरातली माणसं फोनवर बघतात, फोनवर मागवतात. आज एकानंही मागवल्या नव्हत्या. काकूंचं नाक लाल झालं होतं.

चिरू गेली काकूंकडे. टुणुक, टुणुक. जरा हळूच.
"काकू काकू, पंप द्या ना.
मामा तार जोडीना,
तार उजेड आणीना,
डबी तुकडे देईना,
फोन आई दाखवीना,
मुक्ता दाणा देईना.
मग मी खाऊ काय? चिक चिक चिक."

काकू म्हणाल्या, "ये, ये, चोरटे. सगळी आळी सांगते, तार तूच कुरतडलीस."
"मी नाही."
"परवा माझी कुरडई कोणी खाल्ली?"
चिरूनं मान खाली घातली. "कुरडई खाल्ली. तार नाही खाल्ली."
"कुरडई खाणारी तारही खाईल," काकू म्हणाल्या. "पंप मिळायचा नाही. जा."

आता कुठं जायचं? पुढं कोणीच नव्हतं.
सूर्य चिंचेच्या मागं गेला. मुक्ताची मूठ अजून मिटलेली.

चिरूला आला राग. इवल्याशा खारीला केवढा तरी राग.
ती गेली खड्ड्याकडे. टुणुक टुणुक टुणुक टुणुक.
काठावरचा तारेचा तुकडा तिनं तोंडात धरला. जड होता. तरी ओढला. खरड खरड, खरड खरड. चौकातून ओढला. आळीतून ओढला. काकूंच्या पायाशी टाकला.
"काकू, हा घाव बघा. आणि हे माझे दात बघा."
चिरूनं तोंड उघडलं. आऽऽ.

काकूंनी चष्मा लावला. दात बघितले. तांदळाच्या दाण्याएवढे.
घाव बघितला. हाताच्या अंगठ्याएवढा. तारेची साल ओरबाडलेली. सालीला चिखल. चिखलात पिवळा रंग.
"हे खारीचं काम नाही," काकू म्हणाल्या. "हे खणायच्या मशीनचं काम आहे. मोठ्या पिवळ्या मशीनचं."
काकूंनी चष्मा काढला. मग म्हणाल्या, "चुकलं गं माझं. न बघता बोलले."
आणि त्यांनी गच्चीवरून सगळ्या आळीला ऐकू जाईल असं सांगितलं, की खारीनं तार कुरतडली नाही. कोणी तसं म्हणालं, तर माझ्याकडे या.

मग काय?
काकूंनी पंप दिला. नुसता दिला नाही, स्वतः आणला. भुक भुक भुक. पाणी गेलं.
पाणी गेलं, मामा उतरले. मामांनी तार जोडली.
तार जोडली, उजेड पळाला. सुंईऽऽ.
उजेड पळाला, डबीचा दिवा हिरवा झाला. डबीनं तुकडे दिले.
तुकडे आले, फोननं जोडले. आधी आईचं कपाळ, मग नाक, मग सगळी आई.
आई कामावर निघाली होती. चपला घालता घालता थांबली.
"अगं, किती वाट बघितली," आई म्हणाली. मुक्ता हसली. मग तिनं मूठ उघडून दाखवली. दाणे घामानं ओले झाले होते.
आई म्हणाली, "एक तिला, एक तुला."

एक दाणा चिरूला. एक दाणा मुक्ताला. कुडुम कुडुम.

तिकडे काकूंचा फोन वाजला. टिंग. कोणीतरी कुरडया मागवल्या. काकूंनी त्यातली एक बाजूला काढली आणि खिडकीत आणून ठेवली. चिरूसाठी. दिलेली, चोरलेली नव्हे.

चिरूचं पोट भरलं. मुक्ताला झोप आली.
मामांनी खड्ड्याभोवती काटेरी फांद्या लावल्या, कोणी पडू नये म्हणून.

मग चिरूनं विचारलं, "पण मामा, खड्डा कोणी खणला?"
मामांनी नळवाल्यांना विचारलं. नळवाले म्हणाले, आम्ही नाही.
काकूंनी रस्तेवाल्यांना विचारलं. रस्तेवाले म्हणाले, आम्ही नाही.
आजोबांनी खांबवाल्यांना विचारलं. खांबवाले म्हणाले, आम्ही तर नाहीच.

खड्डा अजून तिथंच आहे. त्याच्या काठावर मोठ्या मशीनच्या चाकांचे ठसे आहेत. मशीन कोणाचं होतं, ते अजून कोणी सांगितलेलं नाही.