पिठीच्या किटलीचा लाल पडदा

बुधवारच्या बाजारात, लिंबाच्या झाडाखाली, एक किटली पडली होती. दुधाची किटली. आडवी. झाकण नाही, एक कान मोडका.

तुम्ही म्हणाल, भंगार.

पण जरा वाका. आत बघा. आत घर होतं.

घर होतं पिठीचं. पिठी म्हणजे एवढीशी उंदरी. पिठाच्या पोत्यात जन्मली, म्हणून पिठी. नाक अजून पांढरंच.

पिठीने घरात विकत काहीच आणलं नव्हतं. लोक टाकायचे, पिठी उचलायची. घासायची, पुसायची आणि म्हणायची, "झालं नवं."

चटई म्हणजे बसचं गुलाबी तिकीट. पलंग म्हणजे काडेपेटीचा खण. टेबल म्हणजे सोड्याच्या बाटलीचं निळं बूच. किटलीच्या बुडाला होतं एक भोक. त्यात पिठीने लाल मणी बसवला. डिंक लावून, गच्च. ऊन आलं की घरात लाल ठिपका पडायचा. पिठी त्या ठिपक्यात शेपूट शेकत बसायची.

आणि दाराला पडदा. लाल लाल. जरीच्या काठाचा. कुणाच्या तरी लग्नातल्या साडीचा तुकडा. हातभरही नाही, पण पिठीला पुरून उरायचा.

आज पिठीकडे मावशी येणार होती. तांदळाच्या पोत्यातली मावशी. मागच्या वेळी आली, तेव्हा किटली नुसती रिकामी होती. मावशीने दारातून डोकावलं. नाक मुरडलं. म्हणाली, "हे काय घर आहे का गं?" आणि दारातूनच परत गेली.

पिठीला ते फार लागलं होतं.

म्हणून आज तिने पडदा धुतला. गवताच्या काडीवर वाळत घातला.

वारा आला. भुर्रर्र.

पडदा उडाला. वर गेला, खाली आला, आणि पडला कुठे? हौसाबाईंच्या बोचक्यात.

हौसाबाई बोहारीण. डोक्यावर भांड्यांची पाटी, काखेत जुन्या कपड्यांचं बोचकं. जुनी साडी द्या, नवं भांडं घ्या. खळ्ळ खळ्ळ. खळ्ळ खळ्ळ.

पिठी निघाली. तुरुतुरु, टुणुक. तुरुतुरु, टुणुक.

"हौसाबाई, हौसाबाई, पडदा द्या.
पडदा माझ्या दाराला,
मावशी येणार घराला."

हौसाबाई हसल्या.

"बोचक्यात पडलं ते बोचक्याचं, बाई. आमच्यात एक द्यायचं, एक घ्यायचं. पाटीने बघ माझं डोकं कसं ठणकतंय. चुंबळ आण, पडदा ने."

चुंबळ म्हणजे चिंध्यांचं गोल गोल वेटोळं. आधी डोक्यावर चुंबळ, मग चुंबळीवर पाटी. म्हणजे टोचत नाही.

चिंध्या कुणाकडे? शिंप्याकडे.

तुरुतुरु, टुणुक. तुरुतुरु, टुणुक.

सादिकचाचा मशीन चालवत होते. खट् खट् कुईं. खट् खट् कुईं.

"चाचा, चाचा, चुंबळ द्या.
चुंबळ हौसाबाईंना, हौसाबाई देतील पडदा.
पडदा माझ्या दाराला,
मावशी येणार घराला."

चाचांनी चष्म्यावरून पाहिलं.

"उंदरांच्या घरांना पडदे लागले का आता? माझ्या दाराला अजून नाही. बरं, शिवतो चुंबळ. पण मशीन ऐकतेस ना कशी रडते ती? तेल आण, चुंबळ ने."

तेल कुणाकडे? सायकलवाल्या अण्णांकडे.

तुरुतुरु, टुणुक. तुरुतुरु, टुणुक.

अण्णा चाकात हवा भरत होते. फुस्स फुस्स. फुस्स... फुस्स.

"अण्णा, अण्णा, तेल द्या.
तेल चाचांना, चाचा देतील चुंबळ.
चुंबळ हौसाबाईंना, हौसाबाई देतील पडदा.
पडदा माझ्या दाराला,
मावशी येणार घराला."

अण्णांनी जांभई दिली. मोठी. पिठी आत मावली असती एवढी.

"तेल काय, आहे की फळीवर. पण सकाळपासून चहा नाही. चहा नाही तर हात वर जात नाही. हात वर जात नाही तर तेल खाली येत नाही. चहा आण, तेल ने."

चहा कुणाकडे? ताराकाकूंकडे.

तुरुतुरु, टुणुक. तुरुतुरु, टुणुक.

ताराकाकूंचा स्टोव्ह पेटला होता. फर्रर्र. फर्रर्र.

"काकू, काकू, चहा द्या.
चहा अण्णांना, अण्णा देतील तेल.
तेल चाचांना, चाचा देतील चुंबळ.
चुंबळ हौसाबाईंना, हौसाबाई देतील पडदा.
पडदा माझ्या दाराला,
मावशी येणार घराला."

"पाणी उकळलं," काकू म्हणाल्या. "आलं ठेचलं. साखर टाकली. आता दूध कुठून आणू? आमची बकुळी रुसून बसलीय. तू बघ समजावून, माझं तर ऐकत नाही. दूध आण, चहा ने."

बकुळी म्हणजे काकूंची शेळी. मागे खुंटाला बांधलेली. तोंड भिंतीकडे.

तुरुतुरु, टुणुक. तुरुतुरु, टुणुक.

"बकुळी, बकुळी, दूध दे.
दूध काकूंना, काकू देतील चहा.
चहा अण्णांना, अण्णा देतील तेल.
तेल चाचांना, चाचा देतील चुंबळ.
चुंबळ हौसाबाईंना, हौसाबाई देतील पडदा.
पडदा माझ्या दाराला,
मावशी येणार घराला."

"बें," बकुळी भिंतीलाच म्हणाली. "मी नाही देत. माझी किटली टाकून दिली काकूंनी. गळते म्हणे. थोडी गळायची, पण वाजायची किती छान. चुर्र टण्ण, चुर्र टण्ण. आता पातेलं आणतात. पातेल्यात नुसतंच थब् थब्. थब् थब्मध्ये मी दूध देत नाही. किटली आण, दूध ने."

"कशी होती गं किटली?" पिठीने विचारलं.

"गोल पोटाची. एक कान मोडका. बुडाला भोक."

पिठीचे कान खाली आले. शेपूट खाली आलं. मिशीसुद्धा खाली आली.

ती किटली कुणाकडे? तुम्हाला माहीत आहे. पिठीलाही माहीत होतं.

"धार काढून झाली की किटली परत मिळेल?" पिठीने हळूच विचारलं.

"मग तुझी तू ने," बकुळी म्हणाली. "मी काय त्यात झोपणार आहे?"

पिठी घरी आली. या वेळी तुरुतुरु नाही. टुणुकही नाही. चालत.

पडद्यासाठी घर द्यायचं. असा सौदा बाजारात कुणी करतं का? कुणी करत नाही.

पिठीने केला. तासाभराचाच तर प्रश्न होता.

तिने चटई बाहेर काढली. पलंग बाहेर काढला. टेबल बाहेर काढलं. सगळं लिंबाखाली मांडलं. एक मुंगळा लगेच पलंगावर बसून बघू लागला.

"विकायला नाहीये," पिठी म्हणाली.

मग तिने किटलीला पाठीने रेटा दिला. गडगड. गडगड.

"चल किटली, चल किटली.
किटली बकुळीला, बकुळी देईल दूध.
दूध काकूंना, काकू देतील चहा.
चहा अण्णांना, अण्णा देतील तेल.
तेल चाचांना, चाचा देतील चुंबळ.
चुंबळ हौसाबाईंना, हौसाबाई देतील पडदा.
पडदा माझ्या दाराला,
मावशी येणार..."

घराला, असं म्हणायचं होतं. पण पिठीने ते गिळलं.

बकुळीने किटली पाहिली आणि भिंतीकडचं तोंड इकडे वळवलं. काकू धार काढायला बसल्या.

चुर्र टण्ण. चुर्र टण्ण. चुर्र टण्ण.

मग काय विचारता.

बकुळीने दिलं दूध. दूध गेलं काकूंना.
काकूंनी दिला चहा. चहा गेला अण्णांना.
अण्णांचा हात गेला वर, तेल आलं खाली. तेल गेलं चाचांना.
चाचांची मशीन रडायची थांबली. खट् खट् खट्. चुंबळ गेली हौसाबाईंना.
हौसाबाईंनी डोक्यावर चुंबळ ठेवली, चुंबळीवर पाटी ठेवली, मान इकडे केली, मान तिकडे केली. नाही टोचलं. बोचक्यात हात घातला आणि पडदा दिला पिठीला.

लाल लाल. जरीच्या काठाचा.

पिठीने पडदा खांद्यावर टाकला. तुरुतुरु, टुणुक. तुरुतुरु, टुणुक. आली काकूंकडे.

"काकू, काकू, किटली द्या."

काकूंनी किटली घासली होती. चकचकीत. खिळ्याला टांगलीसुद्धा होती.

"कसली किटली? ही माझी आहे," काकू म्हणाल्या. "गळायची म्हणून टाकली. आता बघ, एक थेंब गळत नाही. भोकात कुणीतरी काय सुरेख मणी बसवलाय."

"मी बसवलाय," पिठी म्हणाली.

"हो का? छान बसवलास हो," असं म्हणून काकू कप विसळू लागल्या.

आता झाली का पंचाईत? घर होतं तेव्हा पडदा नव्हता. पडदा आहे तर घर नाही. चटई बाहेर, पलंग बाहेर, मुंगळा पलंगावर. आणि वाटेवर मावशी.

पिठी खाली बसली. पडदा डोक्यावर ओढून घेतला. आतून आवाज आला, "मुळूमुळू."

तेवढ्यात खळ्ळ खळ्ळ. हौसाबाई चहाला आल्या. पाठोपाठ चाचा आले, अण्णा आले.

"हा पडदा का रडतोय?" चाचांनी विचारलं.

पिठीने सगळं सांगितलं. पडद्याच्या आतूनच.

"माझी मशीन हिच्यामुळे चालली," चाचा म्हणाले.

"माझा हात हिच्यामुळे हलला," अण्णा म्हणाले.

"माझं डोकं हिच्यामुळे हलकं आहे," हौसाबाई म्हणाल्या. त्यांनी पाटी खाली ठेवली. "ताराबाई, एक जुनं पातळ टाका. नवी किटली घ्या, झाकणासकट."

"मी घेईन हो," काकू म्हणाल्या. "पण बकुळीला नको का आवडायला? ती आवाज ऐकते."

"ऐकू दे की. भांडं घेताना कोण वाजवून बघत नाही?"

हौसाबाईंनी एक किटली काढली. बकुळीने शिंग मारलं. ठक्क.

बकुळीने मान हलवली. नाही.

हौसाबाईंनी दुसरी काढली. बकुळीने शिंग मारलं. ठण्ण.

बकुळीने थोडा विचार केला. नाही.

हौसाबाईंनी पाटीत पार तळाशी हात घातला. तिसरी किटली काढली. बकुळीने शिंग मारलं.

टण्ण.

बकुळीने आणखी एकदा शिंग मारलं. टण्ण.

"बें," बकुळी म्हणाली. "ही चालेल."

काकूंनी आतून एक हिरवं पातळ आणलं. हौसाबाईंनी ते उलगडलं, उजेडात धरलं, इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं.

"वर एक झंपर टाका."

"मला ठाऊकच होतं," काकू म्हणाल्या. "एकावर कधी भागलंय का तुमचं?"

"फाटका चालेल. आज पिठीसाठी."

काकूंनी झंपर टाकला. नवी किटली खिळ्याला टांगली. जुनी किटली काढली, पिठीसमोर ठेवली.

"घे बाई. आता कायमची तुझी. मणी मात्र फार छान बसवलास."

पिठी पडद्यातून बाहेर आली.

गडगड, गडगड. तुरुतुरु, टुणुक. गडगड, गडगड. तुरुतुरु, टुणुक.

लिंबाखाली किटली आडवी केली. चटई आत. टेबल आत. मुंगळा खाली, पलंग आत. आणि दाराला पडदा.

तेवढ्यात आलीच मावशी. धापा टाकत. तिने मुरडायला नाक वर केलं.

पण नाक मुरडलंच नाही. आतून कोमट दुधाचा वास येत होता.

मावशीने पडदा बाजूला केला. एक पाय आत टाकला. दुसरा पाय आत टाकला. मग शेपूटही आत घेतलं.

"चटई कुठली गं?"

"बसची."

"पलंग?"

"काडेपेटीचा."

"आणि हा पडदा?"

"बोचक्यातला."

"अगं, या घरात काही नवं आहे की नाही?"

पिठीने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग म्हणाली, "तू आहेस ना, मावशी. तू आज पहिल्यांदाच आत आलीस."

मावशी पलंगावर टेकली. उतरतं ऊन मण्यातून आत आलं आणि लाल ठिपका बरोबर मावशीच्या शेपटीवर पडला. शेपूट शेकलं. डोळे मिटले.

"बरं आहे," मावशी म्हणाली. आणि घुर्र... घुर्र...

बाहेर बाजार उठला, आत मावशी झोपली. पिठीने पडदा सोडला, आणि गोष्ट घरी आली.