घंटा नसलेला दोर

भाविकहो, तिबो महाराजांचा मुक्काम होता फ्रान्स देशातल्या व्हालब्रूम नावाच्या डोंगरमाथ्यावरच्या खेड्यात. नाव परदेशी आहे म्हणून अडखळू नका. साधू सगळीकडे सारखेच. धुक्यात वाट चुकणाऱ्या यात्रेकरूंसाठी जुन्या काळी मठातल्या साधूंनी तिथे धर्मशाळा बांधली आणि तिच्याभोवती गाव वसलं. धुकं उतरलं की देवळाची घंटा वाजवायची, तिच्या रोखाने चुकलेल्याने यायचं, ही तिथली रीत. पुढे राज्य उलथलं आणि तोफा ओतायला नव्या सरकारने घंटा उतरवून नेली. मनोऱ्यात नुसता दोर लोंबत राहिला.

घंटा वाजवणारी पेरीन ही गरीब विधवा. तिने विचारलं, "बाबा, आता धुक्यात मी काय करू?"

महाराज म्हणाले, "दोर आहे ना? ओढ."

का, ते तिला कळलं नाही, पण ती ओढू लागली. गावचा मुखिया गास्पार येता-जाता म्हणायचा, "पेरीन, जरा हळू वाजव. कानठळ्या बसल्या आमच्या."

एका दुपारी गास्पार त्याचा धनगर बाझील याच्याबरोबर माळावर मेंढ्या बघायला गेला आणि धुकं उतरलं. दोघांची चुकामूक झाली. माळावर सगळी दलदल. गास्पार फिरून फिरून त्याच दगडापाशी येई. शेवटी गुडघाभर चिखलात रुतला, आणि घंटा ऐकू आली! तिच्या रोखाने तो कसाबसा देवळात पोचला.

आत पेरीन दोर ओढत होती, शेजारी महाराज बसले होते. आवाज मात्र कसलाच नव्हता.

"घंटा कुठंय?" गास्पारने विचारलं.

"कुठली घंटा, मालक?"

"अगं, मी ऐकली! महाराज, मला वेड लागलंय का?"

महाराज म्हणाले, "मला नाही बुवा ऐकू आली. बाझील आला का?"

गास्पारचा चेहरा उतरला. पेरीनचे तळवे सोलले होते. त्याने तिच्या हातून दोर घेतला आणि ओढू लागला.

"महाराज, काहीच वाजत नाही."

"ओढा."

काय चाललंय ते न कळताच तो तासभर ओढत राहिला. मग बाझील चिखलाने माखून दारात आला.

"आज घंटेवर कोण आहे?" तो म्हणाला. "पेरीनबाईंचा हात असा नाही."

ती कुठे वाजत होती, मला विचाराल तर मलाही सांगता येणार नाही. गास्पारनेही पुन्हा विचारलं नाही. दोर हातात धरूनच त्याने आधी पेरीनच्या आणि मग महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं.