दातेरी सांधा

त्या राज्यात भांडी आणि हत्यारे राहत, आणि तिथे पाणी खाली होते व तहान वर. डोंगराच्या पायथ्याशी झरा होता. माथ्यावर मातीच्या बोळक्यांची वस्ती होती. बोळकी खाली उतरत नसत, कारण वाटेत एकदा आपटले की त्यांचे सगळेच संपे. म्हणून उन्हाळाभर धातूची भांडी पायथ्यापासून माथ्यापर्यंत रांग लावत. एकाने दुसऱ्यात ओतायचे, दुसऱ्याने तिसऱ्यात. रांगेतली जागा ज्याची त्याला ठरलेली असे. कुणी नवे भेटले तर नावाआधी जागा विचारत.

कळशीची जागा मधल्या अवघड चढावर होती, घंगाळमामांच्या लगेच वर. ती तांब्याची होती, अंगाने लहान, पण तिच्या गळ्याचे वळण असे की धार कधी थेंबभरही इकडची तिकडे होत नसे. मामा म्हणत, "पोरी, तुझ्यात ओतलं की मला पुढचं बघावं लागत नाही."

एका उन्हाळ्यात, रांग ऐन भरात असताना, वरून एक दगड सुटला. तो मामांवर येत होता की तिच्यावर, हे नंतर कुणालाच नीट सांगता आले नाही. लागला तो तिला. गळ्यापासून पोटापर्यंत ती उभी फाटली.

जवळपास होती ती एक म्हातारी सांडशी आणि धापा टाकणारा एक भाता. दोघांनी तिला चढावरच आडवी केली, जाळ केला, हाताशी होते ते कथील वितळवले आणि भेगेवर ओतले. भेग मिटली. कळशी वाचली. सगळ्या रांगेने सुटकेचा निःश्वास टाकला.

पण कथील थंड होताना आवळते. गांडूळ चिकटून बसावे तसा एक पांढरट, जाड उंचवटा तिच्या अंगावर उभाच्या उभा राहिला, आणि त्याने तिचा गळा आपल्याकडे ओढून घेतला. बरी होऊन ती पहिल्यांदा रांगेत आली तेव्हा तिची धार डावीकडे गेली. अर्धे पाणी दगडांवर सांडले.  सगळ्यांनी एकदमच दुसरीकडे पाहिले, आणि तिला दगडापेक्षा तेच जास्त लागले.

दुसऱ्या दिवसापासून ती रांगेत आली नाही. झऱ्याच्या मागल्या अंगाला, जिथे कुणी फिरकत नसे, तिथे ती राहू लागली. तिची जागा रिकामीच राहिली. मामा जमेल तेवढे वर वाकून पुढच्या भांड्यात ओतत. त्यात निम्मे सांडे. त्या वर्षी माथ्यावरची काही बोळकी तडकली, हेही तिच्या कानावर आले.

मामा तिला भेटायला आले, पाठ खडकाला टेकवून उभे राहिले.

"परत ये," ते म्हणाले. "धार वाकडी तर वाकडी. तू जिवंत आहेस, गळत नाहीस. आणखी काय हवं?"

"मामा, मी झऱ्यात वाकून बघते ना, तेव्हा आधी ती रेघ दिसते. मी मागाहून दिसते."

"मग बघू नकोस. भांड्यानं रूपाची चिंता करू नये. नव्यानं काही करायला जाशील आणि आहे तेही घालवून बसशील." मग ते ओरडल्यासारखे म्हणाले, "आमचं नाही का चाललं इतकी वर्षं?"

त्यांचे काय चालले होते हे तिने विचारले नाही. मामांनीही सांगितले नाही.

पावसाळ्यानंतर त्या भागात मुलामाशेठ आले. ते जिथे जात तिथे गर्दी होई. कळशीकडे त्यांनी एकदाच पाहिले आणि गोड आवाजात म्हणाले, "अगं, एवढंच ना? सोन्याचं पाणी चढवलं की ही रेघ गेली म्हणून समज. उद्या तुझी तुला ओळख पटायची नाही."

तिने हो म्हटले. आणि खरोखर, दहा दिवस ती इतकी झळकली की झऱ्यावरची भांडी वाट सोडून तिला बघायला आली. अकराव्या दिवशी सोन्याचा पहिला पापुद्रा सुटला, तो नेमका उंचवट्यावरचा. मग दुसरा. महिन्याभरात सगळे अंग सोनेरी आणि मधोमध ती पांढरी रेघ उघडी, असे झाले. आता ती माथ्यावरूनही दिसली असती. मुलामाशेठ तोवर दुसऱ्या डोंगराकडे गेले होते.

त्यानंतर ती पाण्यापाशीही जाईना. दुसराही पावसाळा तसाच गेला.

तिला शोधत जी आली ती म्हातारी सांडशी. तिचे जबडे आता नीट मिटतही नव्हते. ती कळशीसमोर बसली आणि बराच वेळ त्या रेघेकडे पाहत राहिली. इतके सरळ, न कचरता, त्या रेघेकडे आजवर कुणी पाहिले नव्हते.

"हे माझं काम," सांडशी म्हणाली. "घाईचं काम. तेव्हा जीव वाचवायचा होता, पोरी. रूप बघायला उसंत नव्हती."

"तुम्ही नसता तर मी नसते, आजी. मी कधी मनातही दोष दिला नाही."

"नसशील दिला. पण घाईचं काम शेवटचं नसतं. डोंगरापलीकडं हत्यारांची वस्ती आहे. तिथं हातोडी आहे, फुटलं-तुटलं सुबक करणारी. मी धाडलं म्हणून सांग."

कळशी तीन दिवस चालून तिथे पोचली. हातोडी आकाराने अगदीच लहान निघाली. दांडा वापरून वापरून काळा झालेला, तोंड मात्र आरशासारखे. तिने कळशीला उजेडात फिरवले, उंचवट्यावर हलकेच टकटक केले, कान देऊन ऐकले.

"किती दिवस झाले?"

"दोन पावसाळे."

"बरं केलंस. आधी आली असतीस तर मी परत पाठवलं असतं. ताजा सांधा आपल्या आपण बराच बसतो, त्याला वेळ द्यावा लागतो. हा आता बसायचा तेवढा बसलाय." मग तिने विचारले, "हे कुणाला नकोय? तुला की बघणाऱ्यांना?"

कळशी म्हणाली, "आधी मलाही कळत नव्हतं. सोनं चढवलं ते बघणाऱ्यांसाठी. पण मला माझी धार परत हवी आहे, बाई. आणि मी वाकले की मला मी दिसायला हवी." मग घाबरत म्हणाली, "सगळं पहिल्यासारखं होईल ना?"

"नाही," हातोडी म्हणाली.

हातोडीने तिला पुन्हा उजेडाकडे वळवले.

"पहिल्यासारखं करून देतो म्हणणारा भेटला तर उलट्या पावली निघ. एकदा फाटलेला पत्रा न फाटलेला होत नाही. काय होतं ते सांगते. चिंचेनं रोज चोळलीस तर रंग उजळेल, पण उंचवटा तसाच राहील. तो बसवायचा तर ही आमची कानस आहे. हळूहळू घासून सपाट करेल. रेघ बोटाला लागणार नाही."

"आणि गळा?"

"गळ्याची ओढ कानशीनं जायची नाही. तुझा सांधा सरळ आहे ना, दोरीसारखा? सरळ सांधा दोन्ही टोकांना खेचतो. मला तो उघडावा लागेल. कथील काढायचं, दोन्ही कडांना दाते पाडायचे आणि दात्यात दाता बसवून पुन्हा झाळायचं. दातेरी सांध्यात ताण वाटला जातो, कुठल्याही एका जागेवर येत नाही. आणि नागमोडी रेघेवर नजर ठरत नाही, सरळ रेघेवर ठरते."

"उघडायचं म्हणजे... पुन्हा जाळ?"

"पुन्हा जाळ. आणि सगळं मनासारखंच होईल असंही नाही. सांधा पुन्हा जाड होऊ शकतो, मग पुन्हा कानस. काही महिने तू आजच्यापेक्षा वाईट दिसशील, ते आधीच सांगून ठेवते."

"आणि मी काहीच केलं नाही तर?"

"तर काही बिघडत नाही. तू पाणी धरतेस. इथून तशीच परत गेलेली पुष्कळ भांडी आहेत, आणि मजेत आहेत."

कळशी दोन दिवस तिथल्या ओट्यावर बसून राहिली. करायलाच हवे असे कुणी म्हणाले असते तर ती कदाचित पळाली असती. तिसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतःच जाळाजवळ जाऊन उभी राहिली.

तिथला भाता पहिल्यांदा फुंकला तेव्हा ती जाळापासून मागे सरकली. तिला चढ आठवला, दगड आठवला, आपल्याच अंगाच्या फाटण्याचा आवाज आठवला. हातोडी थांबली.

"थांबू?"

"नको. बोलत राहा फक्त."

आणि हातोडी बोलत राहिली. आता कथील सुटतंय, आता कड मोकळी झाली, आता तुझा गळा बघ कसा आपणहून जागेवर चाललाय. तिचे ठोके इतके बारीक होते की दुखण्यापेक्षा मोजण्याकडेच कळशीचे लक्ष गेले.

काम झाल्यावर तिने पाण्यात पाहिले आणि ती रडली. अंग काळे पडले होते. सांध्याभोवती लालभडक पट्टा उठला होता आणि दाते एकेक करून दिसत होते. हातोडीने सांगून ठेवले होते. पण सांगितलेले वेगळे आणि दिसलेले वेगळे.

मग दिवस संथपणे गेले. चिंच रोज यायची, बडबडी आणि आंबट, आणि सांधा चोळत राहायची. उन्हात जायचे नाही अशी ताकीद होती, म्हणून त्यावर ओला फडका घट्ट बांधलेला असे. एक दाता जाड होऊ लागला, तेव्हा कानशीने तो दोन खेपांत बसवला. लाल पट्टा विटकरी झाला, विटकरीचा तांबूस. एका सकाळी कळशी पाण्यावर वाकली आणि तिला आपला काठ दिसला, गळा दिसला, पोटाची गोलाई दिसली. मग तिला आठवण झाली आणि तिने रेघ शोधली. ती होती. एखाद्या वेलीची बारीक कडा असावी तशी.

उन्हाळ्यात ती घरी आली. रांग लागत होती. ती काही न बोलता चढ चढली आणि आपल्या जागेवर उभी राहिली.

मामांनी तिला पाहिले. खालून पाणी आले तसे ते त्यांनी वर दिले, पूर्वीइतक्या सवयीने नाही, जरा जपून. कळशी भरली, वळली आणि ओतली. धार सरळ गेली. पुढच्या भांड्याने ती घेतली आणि ते नकळत 'वा' म्हणून गेले. दुपारपर्यंत माथ्यावर पाणी पोचले आणि बोळक्यांचा कलकलाट खालपर्यंत ऐकू आला.

ऊन कलले तशी रांग मोडली. भांडी झऱ्याकडे उतरली. घंगाळमामा मात्र त्यांच्या नेहमीच्या खडकाला टेकून उभे होते. कळशी त्यांच्याशेजारी येऊन बसली. तिच्या सांध्यावर ऊन पडले होते. तिने ते पडू दिले.

"दुखतं?" मामांनी विचारले.

"थंडीत जरा ओढल्यासारखं होतं."

"हं."

 मग मामा समोर बघतच म्हणाले, "ती हातोडी... फार जुनं असलं तरी बघते का?"

"किती जुनं, मामा?"

 मामांनी आधी इकडेतिकडे कुणी नाही असे पाहिले. मग तो जडशीळ पितळी देह खडकापासून सुटा झाला. डगमगला, सावरला आणि इंचाइंचाने वळू लागला. खडकाकडची ती बाजू कळशीने कधीच पाहिली नव्हती. कुणीच पाहिली नव्हती. तिथे नारळ मावेल एवढा खोल पोचा होता, आणि इतक्या वर्षांच्या सावलीने त्यात हिरवेगार शेवाळ धरले होते. मामा डोळे मिटून उभे राहिले. कलते ऊन हळूहळू सरकत आले आणि त्या खळग्यात उतरले.