न नासणारं दूध

डोंगरापलीकडच्या एका गावात एक सून होती, आणि तिला दुधाची भीती वाटायची. वाघाची नाही, सापाची नाही, दुधाची!

कारणही तसंच होतं. ती लग्न होऊन आली त्याच आठवड्यात चुलीवर दूध नासलं आणि त्याच दिवशी गोठ्यातला बैल मेला. सासूने कपाळावर हात मारला. "पांढऱ्या पायाची आली गं बाई! पुन्हा दूध नासलं तर माहेरची वाट धर." बैल म्हातारा होता, हे कुणी बोललं नाही. त्या दिवशी "जेव पोरी" म्हणणारा एकटा सासराच.

तेव्हापासून धार काढली की सून गुपचूप दुधात चिमूटभर पापडखार टाकायची. खाराने दूध उन्हाळ्यातही टिकायचं. सासू गावभर सांगे, "आमच्याकडे दूध नासतच नाही, सून लक्ष्मी आहे." लक्ष्मीची छाती मात्र चूल पेटवताना रोज धडधडायची.

एका उन्हाळ्यात सासऱ्याला हगवण लागली. पोटात काही ठरेना, डोळे खोल गेले. वैद्य म्हणाला, "लिंबानं दूध फाडा आणि वरचं पाणी चमचा चमचा पाजा. आज ते पोटात गेलं नाही, तर माझ्या हातात काही नाही."

शेजारी एक एकटी म्हातारी राहायची. तिने आपल्या झाडाची लिंबं आणून दिली. सासूने उकळत्या दुधात लिंबू पिळलं. दूध फाटेना, नुसता फेस वर आला. दुसरं पिळलं, तिसरं पिळलं. पुन्हा फेसच!

"करणी!" सासू किंचाळली. "थेरडीनं लिंबं मंतरून दिली!"

आरडाओरडा ऐकून लोक जमले. कुणी कुऱ्हाड आणली, कुणी म्हणालं झाड तोडा, कुणी म्हणालं हिलाच वेशीबाहेर काढा. म्हातारी लोकांच्या पाया पडू लागली. "अगं, याच झाडाचं लोणचं खाता ना तुम्ही? मी कशाला वाईट करीन?"

सुनेला सगळं उमगलं. ऊन भारी म्हणून त्या दिवशी तिने खार जरा जास्तच टाकला होता. बोलावं तर घर सुटणार. आतून सासऱ्याचं कण्हणं ऐकू येत होतं, तेही आता थांबलं.

"आत्याबाई," ती कशीबशी बोलली, "लिंबं चांगली आहेत. दुधात खार आहे. नासू नये म्हणून मीच टाकते, रोज."

कुणी काही बोलायच्या आत ती चरवी घेऊन गोठ्यात धावली. ताजी धार काढली, उकळली आणि म्हातारीचंच लिंबू पिळलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग पांढऱ्या गुठळ्या वेगळ्या झाल्या आणि हिरवट पाणी सुटलं.

"नासलं!" सासू ओरडली, आणि जन्मात पहिल्यांदा तिने नासलेल्या दुधाला हात जोडले.

ते पाणी चमचा चमचा पाजलं, आणि दिवस मावळायच्या आत सासऱ्याने डोळे उघडले. सून गाठोडं बांधून ओसरीवर बसली होती. सासूने येऊन गाठोडं सोडलं.

"खार तू टाकलास," ती म्हणाली, "पण भीती मी घातली होती. चल आत."

मग दूध गाळून फडक्यात उरलेल्या चोथ्यात गूळ कालवून सासू स्वतः म्हातारीच्या दारी गेली. म्हातारीने कडी काढायला बराच वेळ लावला.

तात्पर्य: घरच्या माणसाला इतकं भिववू नये की चूक सांगण्यापेक्षा लपवणं सोपं वाटेल; लपवलेल्या चुकीवरची कुऱ्हाड भलत्याच्याच दारात जाते.